करंट यूजर: माया

कराडजवळच्या एका साखर कारखान्यात संगणक विभाग म्हणजे एकटी प्रांजल. डेटाबेसमधल्या फंक्शनांची माहिती लिहून ठेवा, असं नव्या साहेबांनी सांगितलं, म्हणून ती सकाळीच लिहायला बसली.

‘सेशन यूजर: लॉगिन कोणी केलंय ते सांगतं. करंट यूजर: आत्ता कोणाच्या अधिकारानं काम चाललंय ते सांगतं. बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच नाव येतं.’

उदाहरणासाठी तिनं स्वतःच्या लॉगिननं ऊसतोडीच्या चाचणी यादीतली एक तारीख बदलली. बदल करणाऱ्याचं नाव उमटलं, माया.

शेतकी ऑफिसातल्या मायाला तर दिवाळीतच कामावरून काढून घरी बसवलं होतं.

प्रांजलनं जुनं फंक्शन उघडून पाहिलं. पहिल्या हंगामात घाईघाईत, मायाच्या लॉगिनवरच तिनं तारीख बदलायचं हे फंक्शन बनवलं होतं. बटण कुणीही दाबलं तरी ते मायाच्या अधिकारानं चाले, आणि नोंदीत तिनं घातलं होतं करंट यूजर. शेतकी ऑफिसातल्या पाचही जणांचे बदल मायाच्या नावावर पडत होते.

कुणीतरी काही शेतकऱ्यांच्या तोडीच्या तारखा पाळी डावलून अलीकडं ओढल्या, तेव्हा चौकशी झाली. “मी न्हाई केलं,” माया म्हणत राहिली. प्रांजलनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “नोंदीत तुझंच नाव आहे.”

‘करंट’च्या जागी ‘सेशन’, एवढा एक शब्द बदलला की झालं, कुणाला कळणारही नव्हतं. तिनं तो बदललाही. मग शेतकी अधिकारी आप्पासोंना जाऊन सगळं सांगितलं.

“मग केलं कुणी?” त्यांनी विचारलं.

“ते आता कळणार नाही. खरं नाव मी कधी नोंदवलंच नाही.”

“मग गप बसा की. मिटलंय ते.”

तिनं चूक कबूल करणारं पत्र लिहिलं, सही करून आवक विभागात दिलं आणि एक प्रत घेऊन मायाच्या गावची, शिराळ्याची एसटी पकडली.

माया शिलाई मशीनवर होती. तिनं पत्र वाचलं, परत दिलं.

“मला नको. आत्याबाईंना वाचून दाखवा.”

तिच्या सासूनं, सुलाबाईंनी, दारात बसून सगळं ऐकलं.

“म्हंजी हिनं काय केलंच न्हाई?”

“नाही. चूक माझी होती.”

“पोरी, लय दिस मी हिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई गं,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड झाकलं.

माया मशीन चालवत राहिली.

पुढच्या महिन्यात कारखान्यानं मायाला परत बोलावलं. ती गेली नाही.