टाकाऊ मिळेल का टाकाऊ?

कारखान्यात यंत्र बसलं, भिंतींना रंग लागला, फाटकावर 'टाकाऊतून टिकाऊ' अशी पाटी चढली आणि मग व्यवस्थापकाच्या लक्षात आलं, की गावात टाकाऊ असं काही नाहीच.

गाव त्याच्या बायकोचं माहेर. बदली होऊन आला तो थेट सासूबाईंच्या घरीच उतरला. लोक 'घरजावई' म्हणून चिडवत, तो हसून सोडून देई. जुनं प्लास्टिक वितळवून फरश्या करायच्या, काहीच वाया जाऊ द्यायचं नाही, हे त्याला मनापासून पटलेलं होतं. गावही आपलं नाव काढील, अशी आशा होती.

पण प्लास्टिक गोळा करायला धाडलेली गाडी गावभर फिरून रिकामी आली. तेलाच्या डब्यांतून लोक पाणी भरत होते. गळक्या डब्यांत रोपं लावली होती. फुटक्या टबांचे तुकडे छपराच्या भोकांवर बसले होते. खुद्द सासूबाईंच्या मोरीतली बादली म्हाताऱ्या माणसासारखी ठिकठिकाणी डागडुजी केलेली.

"आई, ही द्या की कारखान्याला," तो म्हणाला.

"का? काय झालंय तिला?"

"गळते ना."

"म्हणून तर खाली परात ठेवलीय."

शेवटी त्याने गाडीवर कर्णा लावला. 'जुनं प्लास्टिक टाका, आम्ही दारातून नेतो!' दुसऱ्याच दिवशी भंगारवाला तणतणत आला.

"साहेब, माझ्या पोटावर कशाला उठलात? आजवर लोक थोडंफार तरी द्यायचे. आता म्हणतात, कारखानाच मागे लागलाय म्हणजे याला भाव येणार. सगळे माल दाबून बसलेत."

उद्घाटन तोंडावर आलं. पैसे देणाऱ्या संस्थेचे पाहुणे यंत्र चालताना बघायला येणार होते. व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याने शक्कल लढवली: जुनी बादली द्या, नवी न्या.

नव्या बादल्यांचा ट्रक आला आणि फाटकाशी ही झुंबड. पण जुनी बादली कुणाच्याच हातात नव्हती. कुणी नुसता कान आणला, कुणी झाकण, कुणी मूठभर तुकडे. सासूबाईंनी तारेची कडी पुढे केली.

"आई, हे प्लास्टिक नाही."

"बादलीचंच आहे ना? मग?"

सासूला नाही म्हणणार कोण? त्याने मुकाट्याने नवी बादली दिली.

"आणि जुनीचं काय करणार?"

"कांदे ठेवीन. कांदे काही गळत नाहीत."

संध्याकाळी ट्रक रिकामा झाला. जमलेल्या तुकड्यांनी यंत्राचा घासही भरला नसता. व्यवस्थापक डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात ड्रायव्हर आला. प्रत्येक नवी बादली प्लास्टिकच्या पिशवीत आली होती आणि बादल्यांच्या थप्प्या जाड कागदात गुंडाळलेल्या. त्या प्लास्टिकच्या कागदांनी अंगण भरून गेलं होतं.

"साहेब, हे कुठे टाकू?"

या गावात आल्यापासून हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची थोडी लाजही वाटली.

यंत्र झकास चाललं. पाहुण्यांनी गरम फरश्यांसोबत फोटो काढले.

"कच्चा माल गावातलाच का?" त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"हो, इथेच मिळाला." हे काही खोटं नव्हतं.

"कारखाना असाच चालू राहायला काय लागेल?"

खरं काय ते त्याच्या ओठांवर आलं होतं. पण दाराशी नवे गणवेश घालून उभे असलेले कामगार दिसले, आणि त्यांच्या मागे नटूनथटून आलेली बायको.

"बादल्या," तो म्हणाला.

आता ट्रक नेमाने येतो. दुसऱ्या गावांतले अधिकारी कारखाना बघायला येतात, आणि व्यवस्थापक त्यांना सगळं समजावून सांगतो. अंगण मात्र दाखवत नाही. परवा जेवताना बायको म्हणाली, "आई विचारत होती, बादल्या पुष्कळ झाल्या, पुढच्या खेपेला टब मिळतील का?"

तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "बघतो."