ग्लोव्ह्जमधली फुंकर

बॅगेची चेन सर्रकन उघडली, आणि सकाळपासून मुक्या झालेल्या घरात तेवढाच एक आवाज झाला. आतल्या खोलीत नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला होता की नुसता डोळे मिटून होता, कोण जाणे. तिने बाथरूमच्या दारात बसकण मारली, बादली पुढे ओढली आणि बॅगेत हात घातला.

काल फुटबॉलच्या मोसमातली शेवटची मॅच होती. देशाच्या पहिल्या लीगमध्ये टिकायला, तो ज्याचा गोलकीपर होता त्या क्लबला नुसती बरोबरी पुरे होती. समोरच्यांना मात्र जिंकावंच लागणार होतं, नाहीतर ते खालच्या लीगमध्ये जाणार होते. मॅच संपत आली होती आणि लांबून एक मिळमिळीत चेंडू आला. शेंबडं पोरही अडवील असा. तो त्याच्या हातांत आला, हातांतून सुटला आणि मागे जाळीत गेला. सगळ्या मोसमाची मेहनत पाण्यात गेली.

काल संध्याकाळी लंबूचा फोन आला होता. लंबू म्हणजे कॅप्टन, गोलच्या पुढे भिंतीसारखा उभा राहणारा. क्लब खाली घसरला की त्याच्यासारख्या वय झालेल्यांना पहिला नारळ मिळणार, हे तिलाही ठाऊक होतं.

"वहिनी, त्याला एकटं सोडू नका," तो म्हणाला होता. "पत्रकार वाट्टेल ते विचारत होते. मी सांगितलं, वर्षभर ज्याने आम्हाला तारलं त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय, उंट आहे. कुठेही चरेन." तो हसला, पण ते हसू त्याला शेवटपर्यंत पेललं नाही.

बॅगेतून जर्सी निघाली, मोजे निघाले, गवताच्या काड्या निघाल्या. बॅग रिकामी करण्याचं काम लग्न झाल्यापासून तिचंच. चेंडू अडवायचं त्याचं काम, तसं हे तिचं. ग्लोव्ह्जही तीच बघायची. कोरड्या ग्लोव्ह्जला पकड नसते. तळव्याचा फोम ओलसर असला तरच चेंडू हाताला धरून राहतो. म्हणून मॅचच्या सकाळी ती ग्लोव्ह्ज भिजवायची, हलक्या हाताने दाबायची आणि ओल्या नॅपकिनमध्ये बांधून बॅगेत ठेवायची. कालच्या मॅचसाठी नवी कोरी जोडी होती. तिचा तेलकटपणा जावा म्हणून तिने ती दोनदा धुतली होती.

बांधायच्या आधी मुलीची पाळी असायची. ती ग्लोव्ह्जच्या तोंडाशी ओठ लावून प्रत्येक हातात एक फुंकर भरायची, मग आईने पटकन गाठ मारायची. "दाबून भर गं, वाटेत सांडेल," असं तो म्हणायचा आणि तिघं हसायची. ही गंमत होती, हे दोघांना ठाऊक होतं. तिसरीला नव्हतं.

काल तो घरी आला तेव्हा तिसरी दारातच उभी होती.

"बाबा, मला सर्दी होती. माझी फुंकर कमी पडली का रे?"

त्याने बूट काढता काढता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी जोरात घाल हं."

ती धड जेवली नाही. आता गॅलरीत बसून कागदाच्या एका पिशवीत पुन्हा पुन्हा फुंकर भरत होती. सराव चालला होता.

हाताला ग्लोव्ह्ज लागले. तिने ते बाहेर काढले आणि तशीच बघत राहिली. चिखलाने माखलेले, तळव्यांची सालं निघालेली. ही तर सरावाची जुनी जोडी. हिने साबणाची वडीसुद्धा हातात राहिली नसती. ती टाकून द्यायला तिने कधीची बाजूला काढली होती.

बॅगेच्या तळाशी नॅपकिनचं गाठोडं होतं. अजून दमट. गाठ तिचीच होती, जशीच्या तशी.

तिला आधी त्याचीच कीव आली. गडबडीत हाताला चुकीची जोडी लागली असेल, आणि आता कुठल्या तोंडाने सांगणार बिचारा? ती गाठोडं तिथेच ठेवून उठली. तोही उठून स्वयंपाकघरात आला होता.

"चहा टाकतेस?"

"टाकते." तिने पातेलं गॅसवर ठेवलं. "काल ग्लोव्ह्ज कुठले घातले होतेस?"

"कुठले म्हणजे? तू दिलेले. नवे."

तिने पाणी ओतलं. तो खुर्ची ओढून बसला.

"खरं सांगू? तुला बोलणार नव्हतो मी. पण जरा जास्तच ओले ठेवले होतेस. बॉल हाताला लागला आणि सटकला."

तिने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. "सॉरी," ती म्हणाली. हा शब्द आपल्या तोंडून का निघाला, तिलाच कळेना.

"असू दे गं. होतं कधी कधी."

त्याने तिला माफ केलं, तेही मोठ्या मनाने.

चहाला उकळी आली तशी तिने तो गाळून कप त्याच्यापुढे ठेवला. मग तोच म्हणाला, "आणि ते गॅलरीतले खोके टाकू नकोस. सामान भरावं लागेल. पुढच्या आठवड्यात घर बघायला जायचंय."

"कुठे?"

"काल ज्यांच्याशी खेळलो ना, त्यांनी बोलावलंय. त्यांचा गोलकीपर निवृत्त होतोय."

"ज्याच्या हातून चेंडू सुटला त्यालाच बोलावलं?"

"एका चुकीने कुणी कायमचा वाईट ठरत नाही. त्यांना कळतं ते."

"कधी बोलावलं?"

"आत्ताच फोन आला." तो कपात बघत होता.

खोके त्याने महिन्यापूर्वी आणून ठेवले होते. कशाला म्हणून तिने विचारलं, तेव्हा म्हणाला होता, असू देत, लागतात. रद्दी ठेवायला झाले, असं म्हणून तीही खूश झाली होती.

ती परत बाथरूमशी आली तर मुलगी तिथे उकिडवी बसली होती. गाठोडं तिच्या मांडीवर होतं.

"आई, ही तर आपली कालची गाठ!"

तिने मुलीच्या शेजारी बसून बादली उगाच सरळ केली.

"सोडलीच नाही कुणी. मग माझी फुंकर आतच आहे?"

"आतच आहे."

"म्हणजे बाबाने हे घातलेच नाहीत?"

तिने नाही म्हणून मान हलवली. पोरीचा चेहरा खुलला. कालपासून डोक्यावर घेतलेलं ओझं तिने जणू तिथल्या तिथे खाली ठेवलं. तिने गाठोडं गालाशी धरलं, आत काही ऐकू येतं का ते पाहिलं. स्वयंपाकघरात कप बशीवर टेकला आणि खुर्ची सरकली.

मुलीच्या कपाळावर हळूहळू एक आठी पडली.

"आई, मग पुढच्या वेळी जोरात घाल, असं बाबा का म्हणाला?"