आईचं उलटं पत्र

मी एक जुनी ब्रेलची पाटी आहे. दगडी नव्हे हं मित्रांनो. दोन पत्र्यांची, बिजागरीची. माझ्यात कागद अडकवायचा आणि टोच्याने ठिपके पाडायचे. ते उमटतात मागच्या बाजूला. म्हणून माझ्यावर उजवीकडून डावीकडे लिहायचं, अक्षरंही उलटी काढायची आणि कागद पालटून बोटांनी सुलट वाचायचं. भलेभले इथेच गडबडतात.

शाळेतल्या बाईंनी मला एका अंध मुलीच्या हाती दिलं. तिला सगळे भिंगरी म्हणत. पहिल्या महिन्यात तिने कागदांची चाळण केली आणि वर्षभरात वर्गात पहिली आली. मी तर हवेतच होते! सुट्टीत तिने आईलाही सगळी अक्षरं शिकवली आणि वसतिगृहात परतताना मला घरीच ठेवलं.

"आई, तुझं पत्र मला दुसऱ्या कुणी वाचून दाखवायला नको. तूच लिही."

उजवीकडून लिही, एवढं मात्र सांगायचं राहिलं. तिच्या हाताला ते इतकं सवयीचं होतं, की सांगावं लागतं हेच तिला सुचलं नाही.

आई शिवणकाम करायची. कापड उलट्या बाजूने शिवून सुलट करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आजाराने अंथरूण धरलं, तेव्हा तिने आठ दिवस खपून माझ्यावर एक पत्र लिहिलं ते डावीकडून. तिच्या डोळ्यांना सारं बरोबर दिसत होतं. बोटाला मात्र 'आ'चा 'घ' लागणार होता, 'क'चा 'ख'. मी पडले पत्र्याची, ओरडणार कशी?

आठवड्याने भिंगरीचा फोन आला.

"भिंगरी, पत्र वाचलंस?"

भिंगरी घाईघाईने म्हणाली, "हो आई, वाचलं! किती छान लिहिलंयस!"

आईने फोन ठेवला. "वाचलं म्हणाली," ती शेजारच्या मावशींना म्हणाली. "परीक्षा असेल तिची." पुढे काही मागायला तिची जीभ रेटली नाही.

भिंगरी आली ती आई गेल्यावर. बोलता बोलता मावशी म्हणाल्या, "बिचारी डावीकडून एकेक ठिपका टोचत बसायची गं."

 भिंगरीने पिशवीतून ते पत्र काढलं आणि एकेक अक्षर मनात उलटवत वाचलं. 'मला बरं नाही. सुट्टीची वाट पाहू नकोस. निघून ये.'

"मला वाचता आलं नव्हतं गं आई," मला छातीशी धरून ती म्हणत राहिली. "तुला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही; पत्रा टिकतो. पण आपल्या माणसाचं लिहिलेलं कळलं नाही, तर तसं सांगा. आईला घटकाभर वाईट वाटलं असतं. मग तिने तेच तोंडाने सांगितलं असतं, आणि भिंगरी त्याच दिवशी निघाली असती.