कौतिकच्या पाटावर

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पितर म्हणायचं. हा मान भाऊबंदांचा. पण कौतिक फौजदार गेल्यानंतरच्या पहिल्या अखाजीला त्याच्या बायकोने, रंभाबाईवहिनींनी, लोधीपुऱ्यातले सगळे चुलते-पुतणे बाजूला ठेवले आणि मला बोलावलं. मी इतवाऱ्यातला शाळामास्तर, ना जातीचा ना गोताचा. फक्त पन्नास वर्षांचा दोस्त.

"भाऊजी, तुमीच बसा," वहिनी म्हणाल्या. "लीलाधर आला हाये अकोल्याहून. त्याच्या डोक्यावर हात ठेवा अन् म्हना, माफ केलं. पितराच्या तोंडचं तो मानीन."

मी बसलो खरा, पण मनात कौतिकला शिव्या देत होतो. स्वतःचं काम माझ्या गळ्यात घालून गेला होता.

बापलेकाचं भांडण गेल्या दिवाळीचं. राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर-अकोला मुंबई राज्यात गेलं, आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी नोकरांना विचारलं, कुठे राहता? अकोल्याच्या कचेरीत कारकून असलेल्या कौतिकच्या पोराने, लीलाधरने, मुंबई लिहून दिलं. त्याची बायको तिकडची, मुलांची शाळा तिकडची. कौतिकला हे पटेना. पोराने बापाच्या घराला परमुलूख ठरवलं, असं त्याने डोक्यात घेतलं ते घेतलंच. रिटायर झाला तरी फौजदारकी गेली नव्हती. पोराची पत्रं न फोडता कोनाड्यात टाकायचा. चैत्रात छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत संपला. तार उशिरा पोचली. अग्नी पुतण्याने दिला.

पुढ्यात जवळच्या फोपनारहून आणलेलं केळीचं पान होतं, शेजारी पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर खरबूज. लीलाधरने मला गंध लावलं. मग आमरस वाढायला घेतला.

"मास्तरकाका," तो हळूच म्हणाला, "अप्पा शेवटी माझ्याबद्दल काही बोल्ले का?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. शब्द अगदी ओठांवर होता. एका खोट्याने कुणाचं काय बिघडणार होतं? पण बसलो होतो कौतिकच्या पाटावर. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने पढवलेल्या साक्षीदाराचा जबाब कधी लिहून घेतला नाही. "आयकेलं नको. पाह्यलं तेच सांग," एवढंच म्हणायचा. मी बाजारातल्या गप्पा सांगायला लागलो तरी हेच. मला भारी राग यायचा. आज तेच ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

मी हातातली गोड सांजोरी खाली ठेवली.

"नाही बोलला. माफ केलं असं माझ्यासमोर तो कधीच बोलला नाही."

वहिनींचा वाढता हात थांबला. लीलाधरने मान खाली घातली.

"आता पाहिलेलं सांगतो. दिवाळीपासून चैत्रापर्यंत रोज चार वाजता तो मला टांग्यात घालून आपल्या गावच्या लालबाग स्टेशनावर न्यायचा. भुसावळकडची गाडी आली की तिकिटं घेतात त्या दाराशी उभा राहायचा आणि उतरणारा एकेक चेहरा बघायचा. मी थट्टा करायचो, फौजदार, अजून चोर शोधतोस का? म्हणायचा, जुनी खोड. अर्ध्या तासाने खंडव्याकडची गाडी यायची. तिच्यासाठी तो एक दिवससुद्धा थांबला नाही. भुसावळची रिकामी झाली की म्हणायचा, चल मास्तर, आज बी कोनी नाही."

अकोल्याहून येणारा माणूस भुसावळच्याच गाडीने उतरतो. सहा महिने शेजारी उभा राहून मी, शहाणा मास्तर, नुसता हसत होतो.

"मी दिवाळीलाच निघालो होतो," लीलाधर म्हणाला. "भुसावळपर्यंत आलो, पण इकडची गाडी धरली नाही. वाटलं, अप्पा दारातून हाकलतील. तसाच परत गेलो."

वहिनी पदर तोंडाला लावून खाली बसल्या. लीलाधरने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्यावर हात ठेवला. माफीचं काही बोललो नाही.

"आला का रे लील्या," मी म्हणालो. "चल, घरी जाऊ."

तेवढंच मी न पाहिलेलं, मनचं बोललो. फौजदाराने तेवढं लिहून घ्यावं.