वाकड्या शेपटीचा टवका

भिंगकाकांनी दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या मागून टॉर्च मारला आणि एक डोळा मिटला. या माणसाच्या नजरेची ख्याती अशी, की लेन्समधली धूळ पाहून ती कुठल्या खोलीतली, आणि त्या खोलीत नवरा-बायकोचं पटतं का, हेही ते सांगत. निम्मं खोटं असेल. उरलेल्या निम्म्यावर चाळीस वर्षं दुकान चाललं.

आज मात्र त्यांनी टॉर्च आणखी जवळ आणला.

“धूळ राहू द्या हो,” समोरच्या बाई म्हणाल्या. “फोटोत कुठे दिसते? रिंग अडकतेय, तेवढी मोकळी करा.”

आत, दुसऱ्या काचेच्या कडेला, काळ्या रंगाचा बारीक टवका होता. वाकड्या शेपटीचा. काकांनी स्वतःची लेन्स जोडताना तो आत राहिला होता आणि पुन्हा खोलायचा त्यांनी कंटाळा केला होता. सहा वर्षांपूर्वी ती लेन्स कपाटातून नाहीशी झाली, तेव्हा काकांनी जावयाची गचांडी धरून त्याला भर गल्लीत चोर ठरवलं. त्याच्यामागोमाग मुलगी गेली, ती पुन्हा उंबरा चढली नाही.

“कोणाकडून घेतलीत?”

“तुमच्या धाकट्या भावाकडून! घरचीच आहे म्हणाले. मग माझी बदली झाली, परवाच परत आले. भाऊ तुम्हाला बोलले नाहीत?”

“बोलला असेल. माझ्याच लक्षात नाही.”

बाई उद्या येते म्हणून गेल्या. काकांनी मुलीचा नंबर काढला. अंगठा त्यावर बराच वेळ नुसता राहिला. फोन जावयाने उचलला तर? आणि माफी तरी गल्लीतच मागायची, की आत बोलावून?

त्यांनी फोन पालथा ठेवला. धुळीपायी लेन्स खोलू नका, असं उभा जन्म गिऱ्हाइकांना बजावणाऱ्या माणसाने लेन्स खोलली, टवका ब्रशने टिपला आणि फुंकरीसरशी उडवून दिला.

“काय काम होतं हो बाईंचं?” काकूंनी आतून विचारलं.

“रिंग अडकली होती.”

संध्याकाळी भाऊ रोजच्यासारखा चहाला आला.

“वहिनी, साखर जरा सढळ हाताने! काय दादा, पोरीचा फोन-बिन?”

चहा घेऊन येणाऱ्या काकू दारातच थांबल्या.

“चोराच्या घरातून फोन आला काय, न आला काय,” काका म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी भावाला जागा करून दिली.