मागचे ब्रेक

"याला रंग कुणी लावला?" वहिनींनी विचारलं.

भाऊजी पिकअपखाली उताणे पडून जुने बोल्ट सोडवत होते. तिथूनच म्हणाले, "मीच. गंज धरतो नाहीतर."

"भंगारातल्या एक्सलला? इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करताय भाऊजी, तुमच्या हातात ब्रश कधी पाहिला नाही मी."

खालून पान्ह्याचा आवाज तेवढा आला.

एक्सल गॅरेजच्या दाराशी लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता. दोन्ही टोकांना ब्रेकचे ड्रम, मधे भोपळ्याएवढा फुगवटा आणि सगळ्यावर काळा रंग. त्याचा वासही अजून गेला नव्हता. वहिनींच्या पिकअपचा मागचा एक्सल वरच्या वस्त्यांच्या चढावर मोडला, तेव्हापासून गाडी इथेच उभी होती. वस्त्यांवर पीठ, गॅसच्या टाक्या, औषधं त्याच पोचवायच्या. चिखलात चारही चाकांनी ओढणारी गाडी त्या बाजूला दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पूर्वी होती. दादांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, एकसारख्या दोन जुन्या पिकअप घेतल्या होत्या. एक ते चालवायचे, दुसरी वहिनींना शिकवली. मग दादांची गाडी त्याच रस्त्याच्या उतारावरून खाली गेली, आणि दादाही गेले. आदल्याच दिवशी तिचे ब्रेक भाऊजींनी केले होते.

त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. वहिनीही नाहीत. फक्त तेव्हापासून गाडीचं बाकी सगळं काम त्या दिराकडे आणायच्या आणि ब्रेकचं काम तेवढं नाक्यापलीकडच्या गॅरेजात करून घ्यायच्या. चाक उघडलं की दुसऱ्याचा हात फिरलेला भाऊजींना कळत असणारच. पण ते निमूट चाक चढवायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "झालं, वहिनी." त्यांनी एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही, याचाच वहिनींना जास्त संशय यायचा. संध्याकाळी दिवा लावताना त्या घरातल्या एकेकासाठी मागणं मागायच्या. दिराचं नाव ओठांवर आलं की मात्र मन दाराबाहेर उभं राहायचं.

गाडी मोडल्यापासून तर तो संशय वाढलाच होता. भंगारवाल्याकडे त्या स्वतः भाऊजींबरोबर गेल्या होत्या. भाऊजी प्रत्येक एक्सलच्या चाकावर खडूची खूण करत, चाकाचा एक फेरा फिरवत, तेवढ्यात मधला दांडा किती फिरतो ते बघत आणि मान हलवत.

"ताई, तुमच्या दिराला भंगारसुद्धा सोनाराच्या काट्यावर जोखून हवंय," भंगारवाला वैतागला होता. "याला काय धाड भरलीय?"

"आतल्या चक्रांचे दात वेगळे आहेत," भाऊजी म्हणाले होते. "पुढचा एक्सल एका चालीनं जाईल, मागचा दुसऱ्या. सपाटीला कळणार नाही. चढावर चारही चाकं जोडली की गाडी स्वतःशीच भांडेल आणि काहीतरी तोडून ठेवेल."

वहिनींना ते पटलं होतं आणि पटलं नव्हतंही. कारण मागे याच भाऊजींनी सुचवलं होतं, "विकून टाका ना गाडी. तो रस्ता नको आता." या नकारांमागे तेच नसेल कशावरून?

आणि आज अचानक नेमका जुळणारा एक्सल दारात, तोही रंग फासून.

"आणलात कुठून?"

"मिळाला."

"कुणाकडे?"

"होता एकाकडे. वहिनी, तुम्ही घरी जा. तयार झाली की मी आणून देतो गाडी."

घरी जा म्हटल्यावर वहिनींनी स्टूल ओढलं आणि एक्सलसमोर ठाण मांडलं. रंगाखाली तडा असणार. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि हलक्या हातानं खरवडायला सुरुवात केली. तडा कुठेच नव्हता. ब्रेकचा पाइप धरणाऱ्या पट्टीपाशी मात्र किल्ली थबकली. पट्टी वेल्डिंगनं जोडलेली होती आणि जोडाच्या शेवटाला एक बारीक, मागे वळलेली शेपटी होती.

घरातल्या खिडकीच्या गजांना तशीच शेपटी होती. पलंगाच्या पायालाही. दादा वेल्डिंग संपवताना मनगट असं मागे वळवायचे. "तुमच्या कामाला शेवट नाही, नुसतं शेपूट आहे," असं वहिनी त्यांना चिडवायच्या.

"भाऊजी, बाहेर या."

ते आले. खरवडलेली जागा त्यांनी पाहिली.

"ती गाडी वितळवायला गेली, म्हणाला होतात."

"गेली. एवढा ठेवून घेतला."

"कुठे?"

"मागे. ताडपत्रीखाली."

"का?"

भाऊजी बोटांवरचं ग्रीस चोळत राहिले. "लोकांना वाटतं, काय झालं ते मला माहीत आहे. मला माहीत नाही, वहिनी. ड्रम उघडले असते तर कळलं असतं. म्हणून ठेवला. मग उघडवलेच नाहीत. रोज म्हणायचो, उद्या बघू."

"आणि आज रंग लावून माझ्या गाडीला बसवत होतात!"

"दात जुळणारा दुसरा नाही. दादानं दोन्ही गाड्या ओझ्यासाठी सारख्याच करून घेतल्या होत्या. मी सगळीकडे शोधलं. तुम्ही होतात की बरोबर."

"ड्रम तरी उघडणार होतात का?"

"पलीकडच्या गॅरेजात उघडलेच असते," भाऊजी खाली बघत म्हणाले. "ब्रेक तुम्ही तिकडेच करता."

इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"आता उघडा," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासमोर."

ड्रम गंजानं धरून बसले होते. भाऊजींनी कडेनं हातोडीचे ठोके दिले. एक ठोका निसटून ठोकळ्यावर बसला. शेवटी करकरत ड्रम सुटला आणि तांबूस भुगा खाली सांडला. मग दुसरा.

"ब्रेकचे लायनर शाबूत आहेत," ते हळू म्हणाले. "दोन्हीकडे तेल सुटलेलं नाही."

वहिनींनी आत बोट फिरवलं. कोरडी धूळ लागली. "आधी उघडून साफ केले नव्हते ना?"

"गंज आत्ता फुटलाय. तुमच्यासमोर."

ते खरं होतं. तरी त्यांनी विचारलं, "आणि पुढचे?"

भाऊजींनी नजर वर केली. "पुढची चाकं चेपून गेली होती. ती गाडीबरोबर गेली. पुढच्यांचं कधीच कळणार नाही."

वहिनींनी बोटावरची धूळ पुसली. पुढचेही ठीक होते, एवढं म्हणायला भाऊजींना काय लागलं असतं? कोण शोधायला जाणार होतं?

दुपार टळेपर्यंत एक्सल गाडीखाली चढला. वहिनींनी सामान हातात दिलं, जॅकचा दांडा मारला. भाऊजींनी रंगाचा डबा उघडून खरवडलेल्या जागेकडे पाहिलं.

"राहू दे ते," वहिनी म्हणाल्या.

डबा बंद झाला. भाऊजी हात पुसायला लागले. "ब्रेक राहिलेत फक्त. आतली रबरं बदलायची, पाइप जोडायचे, त्यांतली हवा काढायची. ओढून नेऊन देतो तिकडे."

"रबरं आहेत तुमच्याकडे?"

"...आहेत."

"मग घाला. हवा काढायला दोन माणसं लागतात ना?"

"एक खाली," भाऊजी म्हणाले, "एक पेडलवर."

भाऊजींनी रबरं घातली, पाइप जोडले. वहिनी गाडीला वळसा घालून पुढे गेल्या. चपला बाहेर काढल्या आणि चालकाच्या जागेवर बसल्या. पेडल आधी मऊ लागलं. पाय नुसता बुडत गेला. आरशात भाऊजी दिसत नव्हते, मागच्या चाकाशी त्यांचे जोडे तेवढे दिसत होते.

"दाबा," खालून आवाज आला. "सोडा. परत दाबा. आता धरा, वहिनी. मी म्हणेपर्यंत सोडू नका."

"धरलंय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाय तसाच दाबून धरला.