मुकादमाची दुपार

“अगं, मागचं टोक वर घे. घसरतोय तो.”

“वरच आहे. तुम्ही पायरीकडे बघा आधी.”

जाड चादरीची झोळी करून नवरा-बायको कुत्र्याला जिन्यावरून खाली उतरवत होती. झोळीत मुकादम ऐटीत बसला होता. प्रत्येक मजल्यावरच्या बंद दारांकडे मान वळवून बघत होता. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी झोळी अलगद टेकवली, दम घेतला आणि पुन्हा उचलली.

तळमजल्यावरचे मास्तर दारात उभे राहून दात घासत होते. चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते कधीच निवृत्त झाले होते, पण आजूबाजूच्यांच्या चुका काढायची सवय गेली नव्हती. तोंडातला ब्रश बाहेर काढून ते म्हणाले, “काय हो लिफ्टवाले, जन्मभर जगाला वर-खाली नेलंत आणि स्वतःच्या घराला मात्र लिफ्ट नाही!”

हा विनोद ते रोज सकाळी करत. नवरा रोज हसत असे.

शहरातल्या एका उंच कचेरीच्या इमारतीत तो लिफ्टमन होता. लिफ्टला आपोआप चालणारी बटणं आली तेव्हा आता याला घरी बसवणार असं सगळ्यांना वाटलं होतं. पण वरच्या मजल्यावरच्या साहेबांना स्वतः बटण दाबायची सवय नव्हती, म्हणून कोपऱ्यातलं स्टूल राहिलं आणि स्टुलावर तोही राहिला. माणसं आत शिरत, त्याच्याकडे पाठ करून उभी राहत, एकमेकांत नको ते बोलत आणि उतरताना म्हणत, “काय, कसं काय?” तो म्हणायचा, “मजेत.” त्याची आई वारली त्या आठवड्यातही तो मजेतच होता. दार उघडून बंद होईपर्यंत दुसरं काही सांगायला वेळच नसतो, असं त्याचं म्हणणं. हळूहळू घरीही तो तसंच बोलू लागला होता.

मुकादम मुलीने आणला होता. कॉलेजच्या वाटेवर एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथे वाळूच्या ढिगावर बसून हे पिल्लू कामगारांकडे बघत असायचं, जणू त्यालाच देखरेखीला नेमलं होतं. म्हणून मुकादम. पुढे मुलगी नोकरीसाठी परदेशात गेली आणि मुकादम आई-बाबांकडे राहिला. घरात चालताना प्रत्येकाला त्याला ओलांडून जावं लागे, इतका तो वाढला. आता त्याचं तोंड पांढरं झालं होतं आणि मागच्या पायांतला जोर कमी झाला होता.

पुढचा उजवा पाय तो टेकवेनासा झाला तेव्हा आधी काटा वाटला, मग मुरगळला असेल असं वाटलं. मनगटाच्या वर सूज आली आणि ती टणक लागू लागली तेव्हा त्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. “इथलं हाड बघा. वाळवी लागल्यासारखं झालंय. हाडाचा कॅन्सर आहे हा.”

“पाय काढला तर?” बायकोने विचारलं.

“तरुण असता तर मी तेच म्हटलं असतं. पण याची कंबर आधीच गेलीये. तीन पायांवर हा उभा राहणार नाही. बरा होणार नाही तो. दुखणं कमी ठेवायचं, एवढं आपल्या हातात आहे.”

सुजेवरची गोळी त्याचं जेवण झाल्यावर द्यायची, नसांच्या दुखण्यावरची दुसरी सकाळ-संध्याकाळ. तिसरं औषध जास्त कडक. ते पुढे लागेल तेव्हा बघू. उड्या बंद, जिने बंद. हाड पोखरलंय, एका उडीत मोडू शकतं. “आणि घरातली तुमची स्वतःची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. माणसांच्या गोळ्यांनी कुत्री दगावतात.”

“पण याला दुखतंय हे कळायचं कसं?” बायको म्हणाली. “हा तर कधी ओरडत नाही.”

“ओरडत नाहीतच. उठतो, बसतो, पुन्हा उठतो, त्याला जागा सापडत नाही. न पळता धापा टाकतो. तोच पाय चाटत राहतो. आपल्यापासून लांब जाऊन बसतो. हे सगळं ओरडणंच समजायचं.”

नवरा मान डोलवत होता. लिफ्टमध्ये डोलवायचा तशीच.

त्या संध्याकाळी मुलीला फोनवर सांगितलं. ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, “बाबा, मी येते. रजा काढते. मी येईपर्यंत त्याला सांभाळा. मला कबूल करा.”

“कबूल,” तो म्हणाला.

बायकोने घरातल्या फरशीवर जुन्या सतरंज्यांचे तुकडे शिवून वाट केली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, मुकादमाचा पाय कुठे घसरायला नको. खाण्याची थाळी उलट्या डब्यावर ठेवली, म्हणजे त्याला वाकावं लागू नये. गोळ्यांचा मात्र रोज तमाशा होई. उकडलेल्या अंड्यात लपवलेली गोळी मुकादम अंडं खाऊन अगदी स्वच्छ बाहेर काढून ठेवायचा. “बघा, धुऊन ठेवलीये,” बायको म्हणायची. शेवटी लोणी चाललं. लोण्याचा गोळा तो न चावता गिळायचा आणि दुसरा मागायचा.

गोळ्यांनी फरक पडला. तो संध्याकाळी कामावरून येई तेव्हा मुकादम दारातल्या सतरंजीवर पडलेला असे. शेपटी दोनदा आपटे. मग मुलीचा फोन येई. तो फोन मुकादमाच्या तोंडासमोर धरी आणि मुलगी तिकडून हाक मारी, “मुक्या! ए मुक्या!” मुकादम कान टवकारून फोनची काच चाटे.

“किती छान दिसतोय!” मुलगी म्हणे.

“मजेत आहे,” तो सांगे.

असं काही आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, “बाबा, इकडे नवीन काम अंगावर आलंय. तो इतका बरा आहे तर मी जरा पुढे ढकलू का यायचं? मग जास्त दिवस राहता येईल.”

“ढकल की. काही घाई नाही.”

स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज एकदम वाढला. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. दुपारी तो बरा नसतो, असं मी परवा म्हटलं होतं.”

“अगं, संध्याकाळी तर चांगला असतो.”

“हो. संध्याकाळी असतो,” ती म्हणाली आणि नळ बंद केला.

पुढच्याच आठवड्यात लिफ्टचा दोर बदलायला माणसं आली. लिफ्ट दिवसभर बंद राहणार होती. साहेब लोक कुरकुरत जिने चढले आणि त्याला जेवणाच्या सुट्टीतच घरी पाठवलं. दुपारच्या वेळी आपलं घर कसं असतं हे त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. रस्त्यात त्याने मुकादमासाठी लोणी घेतलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. सतरंजीवर मुकादम नव्हता. आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत तो डोकं भिंतीकडे करून उभा होता. पुढचा पाय हवेत धरलेला. अंग थरथरत होतं आणि तो धापा टाकत होता, जोरजोराने, मैलभर पळून आल्यासारखा. त्याच्यापासून हातभर अंतरावर बायको जमिनीवर बसली होती. वर्तमानपत्राने वारा घालत होती आणि हळू आवाजात बाजारातल्या भावांबद्दल, मास्तरांच्या खोकल्याबद्दल, काहीबाही बोलत होती.

त्याने हाक मारली. मुकादमाने मान वळवली नाही.

“काय झालं याला? कधीपासून?”

“रोजचंच आहे. सकाळच्या गोळीचा जोर जेवणापर्यंत टिकतो. मग असं. खाली बसायला जातो, जमत नाही, पुन्हा उठतो. हात लावलेला चालत नाही, पण मी उठून गेले तर बघत राहतो. म्हणून इथेच बसते.”

“रोज?”

“रोज. संध्याकाळची गोळी मी जरा लवकर देते. तुम्ही येईपर्यंत त्याला आराम पडतो.”

“मला सांगायचंस तरी.”

बायकोने वारा घालणं थांबवलं नाही. “सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मजेत आहे.”

त्याने हातातलं लोणी कपाटावर ठेवलं. मग बूट न काढता जमिनीवर बसला. मुकादम एकदा बसायला वाकला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा उभा राहिला. नवरा बघत राहिला. मुकादम उठला, वाकला, उठला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं समोर होतं, एकेक करून.

त्याने खिशातून फोन काढला. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. मुलीचा आवाज झोपेतला होता. “बाबा? काय झालं?”

“काही बोलू नकोस. नुसतं बघ,” तो म्हणाला आणि फोन कपाटाच्या दिशेने धरला. धापांचा आवाज खोलीभर होता. तो तिकडेही गेला असणार.

मुलगी अंथरुणात उठून बसली. मग ती चिडली. “म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही मला गोळी दिलेला मुक्या दाखवत होतात? आणि मी तिकीट पुढे ढकलत बसले?”

“मलाही आजच दिसलं.”

“आईला माहीत होतं ना?”

“तिला माहीत होतं. मी ऐकलं नाही.”

डॉक्टरीणबाईंना बोलावलं तर त्या त्याच दिवशी आल्या. तिसरं, कडक औषध सुरू झालं. वेळा बदलल्या, आता दुपारचीही मात्रा होती. मुकादम जास्त झोपू लागला, चालताना किंचित झुलू लागला, पण खाली बसू लागला. मास्तरांनीही तोंड उघडलं, पण या वेळी विनोदासाठी नाही. “दिवसा माझ्या बाहेरच्या खोलीत ठेवा त्याला. जिन्यावरून नेता-आणताना त्याचा जीव जाईल आणि तुमचाही. मला काय, मी नुसता बसलेलाच असतो.” मग मुकादमाच्या दुपारी मास्तरांकडे जाऊ लागल्या. मास्तर वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि संपादकाच्या चुका त्याला समजावून सांगत.

चांगले दिवस होते ते. पण सूज वाढतच राहिली. नव्या एक्स-रेमध्ये हाडाची कड अंड्याच्या टरफलाएवढी पातळ राहिली होती.

“हे आता केव्हाही मोडेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “झोपेत कूस बदलतानासुद्धा. मोडलं की आत्ताची औषधं पुरणार नाहीत. मी तुमच्या जागी असते तर त्या दिवसाची वाट न बघता त्याला इंजेक्शन देऊन सोडवलं असतं.”

“म्हणजे अजून चांगला आहे तेव्हाच?” बायकोने विचारलं.

“हो. चांगला आहे तेव्हाच.”

संध्याकाळी त्याने मुलीला सगळं सांगितलं. एक्स-रे, टरफल, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, काहीही न गाळता. इतकं सलग तो फोनवर कधी बोलला नव्हता.

“बाबा, मला तिकीट मिळालंय. पुढच्या आठवड्यातलं. तेवढं थांबा ना. कडक औषध थोडं वाढवा. प्लीज. तुम्ही कबूल केलं होतं.”

बायको दारात येऊन उभी राहिली. मुलीने आजवर मागितलेल्या कुठल्याही गोष्टीला त्याने नकार दिलेला तिला आठवत नव्हता. सायकल, दूरचं कॉलेज, परदेशातली नोकरी, कुत्रा.

“नाही,” तो म्हणाला.

“बाबा, आठच दिवस.”

“तुझ्यासाठी थांबेन मी. पण पाय त्याचा आहे. त्याला थांबायला नाही सांगणार.” आवाज साधाच होता, फक्त बोलायला जरा वेळ लागत होता. “तू माझ्यावर राग धर. चालेल मला.”

मुलीने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो कामावर निघायच्या आधी, तिचा निरोप आला. तिला फोनवर तिथे असायचं होतं, एवढंच त्यात लिहिलं होतं.

त्याने एका दिवसाची रजा टाकली. दुपार मास्तरांच्या खोलीतली ठरली. खिडकीतून ऊन जमिनीवर आलं होतं आणि मुकादम त्यात आडवा पडला होता. मास्तरांनी खुर्च्या भिंतीला लावल्या, पंखा कमी केला आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसले. बायकोने आज लोण्यात काही लपवलं नाही. नुसतं लोणी दिलं, हवं तेवढं. मुकादमाने गोळा तोंडात घोळवून गोळी शोधली, सापडली नाही तेव्हा गिळला.

फोन उशीला टेकवून ठेवला होता. मुलगी बोलत होती. वाळूच्या ढिगाबद्दल, तिने त्याला दप्तरात घालून आणलं होतं त्याबद्दल, त्याने कुरतडलेल्या तिच्या चपलांबद्दल. डॉक्टरीणबाईंनी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. मुकादमाची जीभ लोण्याने चकचकीत झालेली होती. तो घोरू लागला, तेव्हा मुलगी रडता रडता हसली. मग दुसरं इंजेक्शन दिलं. बायकोचा हात त्याच्या मानेवर होता. नवऱ्याचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर होते आणि तो मुकादमाच्या छातीकडे बघत होता. छाती वर आली, खाली गेली, आणि मग खालीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी कानाला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली.

दवाखान्याची गाडी आली. मास्तरांनी झोळीची एक बाजू धरली. गाडी वळेपर्यंत तिघंही फाटकाशी उभी होती.

परत आल्यावर बायकोच्या लक्षात आलं, उशीवरून घसरून उताणा पडलेला फोन चालूच होता. त्यात फक्त मास्तरांचं छत दिसत असणार.

“ठेवू का गं?” तिने विचारलं.

“नको,” मुलगी म्हणाली. “राहू दे तसाच.”

फोन तसाच हातात धरून बायको वर गेली. त्याने चहा टाकला. फोन स्वयंपाकघरातल्या बरणीला टेकवून ठेवला. तिकडे मुलीने उठून दिवा लावल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज आला. तिनेही काहीतरी गॅसवर ठेवलं असावं. इकडे चहा गाळला गेला, तिकडे कपात चमचा फिरला.

“काय, कसं काय बाबा?” बऱ्याच वेळाने मुलीने विचारलं.

तो कप घेऊन फोनसमोर बसला.

“बरं नाही वाटत,” तो म्हणाला.